नासलेल्या फळाचा हिशेब

सातवीच्या वर्गात नफा-तोट्याची उदाहरणे चालू होती. मी फळ्यावर लिहिले : एका फळविक्रेत्याने २०० आंबे २,००० रुपयांना घेतले आणि प्रत्येकी १४ रुपयांना विकले, तर त्याला शेकडा किती नफा झाला? मुलांनी भराभर गुणाकार केला. २,८०० वजा २,००० म्हणजे ८००, शेकडा ४०. मी उत्तर लिहून पुढच्या उदाहरणाकडे वळणार, तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "टीचर, इसमें जो माल सड़ गया वो किधर है?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. त्या मुलाचे वडील मीरा रोड स्टेशनजवळ हातगाडीवर फळे विकतात. मध्यरात्र उलटली की चार-पाच जण मिळून टेम्पो करतात, घोडबंदर रस्त्याने ठाण्याला आणि तिथून तुर्भ्याच्या घाऊक बाजारात जातात, उजाडता उजाडता परततात. या मुलाने नफा-तोटा पुस्तकातून नाही, घरातल्या बोलण्यातून शिकला आहे. आपल्या उदाहरणात सगळेच आंबे विकले जातात, हे त्याला खोटे वाटले.

त्या दिवसापासून मी हा विषय जमेल तसा वाचत गेले. मुहल्ल्यातल्या फळवाल्यांना, बागवान कुटुंबांतल्या वडीलधाऱ्यांना विचारत गेले. आपल्या समाजाचा फळांच्या व्यापाराशी जुना संबंध आहे, पण त्याचा इतिहास आपण क्वचितच लिहिला. तो वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. फळबाजाराचा इतिहास म्हणजे भावाचा इतिहास, असे आपण समजतो. खरे तर तो नासाडीचा इतिहास आहे. झाडापासून घरापर्यंतच्या वाटेवर जे फळ नासते, त्याचे नुकसान कोणी सोसायचे, हा या व्यापाराचा मूळ प्रश्न आहे. बाजार बदलले, कायदे बदलले, गाड्या आणि गोदामे बदलली. या प्रश्नाचे उत्तर मात्र फारसे बदललेले नाही.

मदिनेच्या बाजारातला प्रश्न

हा प्रश्न आपल्याला नवा नसावा. मदिना हे खजुराच्या बागांचे गाव होते. झाडावर फळ धरण्याआधीच बागेचा सौदा करण्याची तिथे रीत होती. पुढे रोग पडला, फळ गळाले की घेणारा आणि देणारा यांच्यात भांडण ठरलेले. हदीसच्या संग्रहांत या भांडणांचे उल्लेख आहेत. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी फळ पक्व होण्याची खूण दिसेपर्यंत ते विकण्यास मनाई केली. अल्लाहने फळच येऊ दिले नाही, तर भावाचे पैसे कोणत्या हक्काने ठेवणार, असा त्यामागचा सवाल होता. बागेवर आफत आली तर घेणाऱ्याला सूट द्यावी, असेही सांगितले गेले. पुढच्या काळात फुकहांनी यावर बारकाईने चर्चा केली. इमाम मालिक यांनी नुकसान एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक असेल तर सूट देणे बंधनकारक मानले. इतर काहींनी ती सक्ती नव्हे, नेकी मानली.

मदिनेचे लोक एक-दोन वर्षांचे पैसे आगाऊ देऊनही खजूर घेत. तो व्यवहार बंद केला गेला नाही. माप, वजन आणि मुदत पक्की ठरवूनच तो करावा, एवढी अट घातली. याला सलम म्हणतात. बाहेरून येणाऱ्या काफिल्याला भाव कळण्याआधीच वाटेत गाठून माल घेऊ नये, शहरातल्याने खेडुताच्या मालाचा दलाल होऊ नये, असेही दंडक आहेत. धान्याच्या राशीत हात घालून आतला ओला भाग बाहेर काढल्याची घटना तर मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक असते.

हे सारे दंडक एकाच जागी येऊन मिळतात. ज्याला माहिती कमी आणि ज्याच्या हातात नाशवंत माल, तो बाजारात दुबळा असतो. बाजाराचा नियम त्याच्या बाजूने झुकलेला असावा. आज कृषी पणनाच्या पुस्तकांत जे प्रश्न मांडले जातात, ते सातव्या शतकातल्या त्या बाजारात याच रूपात उभे होते.

दख्खनच्या बागा आणि बाजाराची भाषा

आता आपल्या मुलखाकडे येऊ. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला. तिथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि वर्षातून दोनदा येतात, असे त्याने नोंदवले आहे. आज नाशिकची द्राक्षे आणि सोलापूरची डाळिंबे जगभर जातात. दख्खनच्या मातीला ही फळे किती जुनी आहेत, याची ही साक्ष. कच्च्या आंब्याच्या लोणच्याचीही त्याने हकीकत दिली आहे. फळ नासू नये म्हणून शोधलेले सर्वात जुने उपाय हे असे घरातले आहेत. लोणचे, मुरंबा, आंबापोळी, फणसपोळी, आमसुले ही चैन नव्हती. उरलेले फळ वाया जाऊ नये म्हणून बायकांनी केलेली ती कष्टाची तजवीज होती. आमच्या भाईंदरच्या खाडीपलीकडे वसई तालुक्यात आगाशीची सुकेळी प्रसिद्ध आहेत. केळी उन्हात सुकवून केलेल्या या सुकेळ्यांची दखल १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरनेही घेतली आहे.

त्याच काळातल्या दिल्लीचा बाजार झियाउद्दीन बरनीच्या इतिहासात सापडतो. अलाउद्दीन खिलजीने भाव बांधून दिले, मंडीवर शहना नेमला, कापड, साखर, सुका मेवा यांच्यासाठी सराय-ए-अदल हे वेगळे ठिकाण केले. माप मारणाऱ्याला क्रूर शिक्षा होती आणि घोड्यांच्या दलालांवर सुलतानाचा विशेष रोष होता. पण त्या बंदोबस्तात सुका मेवा बसला. ओले फळ सरकारी कोठारात भरून ठेवता येत नाही. धान्याचा राजा भाव बांधू शकतो, पिकलेल्या आंब्याचा भाव मात्र ऊन बांधते.

बादशहांच्या आंब्याच्या शौकाच्या कथा आपण आवडीने सांगतो. अकबराने दरभंग्याजवळ लावलेली लाख झाडांची बाग, मिर्झा गालिबच्या पत्रांतले आंबे, औरंगजेबाने शहजाद्याने पाठवलेल्या आंब्यांना दिलेली सुधारस आणि रसनाविलास ही चक्क संस्कृत नावे. कथा गोड आहेत. पण या बागा राखणारा, फळ उतरवणारा, टोपल्या वाहणारा माणूस त्यांत नाही.

तो माणूस इतिहासात नावाने नाही, शब्दांत उरला आहे. बागवान हा शब्द फारसी बाग़बानवरून आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक अशा ठिकठिकाणी बागवान समाज फळे-भाजीच्या धंद्यात आहे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांनी त्यांची गणना स्थानिक धर्मांतरितांत केली आहे. म्हणजे हा याच मातीतला, माळ्या-कुणब्यांच्या शेजारचा माणूस. आणि मराठी बाजाराची भाषा पाहा. बाजार, दलाल, हमाल, माल, वजन, तराजू, नफा, हिशेब, सौदा, बयाणा, पेशगी, मक्ता, रुमाल हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि मराठीच झाले. गावचा शेतकरी आणि शहरचा बागवान यांनी शतकानुशतके एकमेकांशी व्यवहार केला, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? त्यातला एक शब्द मला शिक्षिका म्हणून फार प्रिय आहे. कलम. लिहिण्याचीही कलम आणि आंब्याचेही कलम.

आगबोट, आगगाडी आणि मंडई

आंब्याची उत्तम कलमे पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज काळात रुजली. अफोन्सो द आल्बुकर्क याच्या नावावरून हापूस हे नाव आले. कलमामुळे एक मोठी गोष्ट झाली. रायवळ झाडाच्या प्रत्येक आंब्याची चव वेगळी, कलमाचा आंबा मात्र झाडोझाडी सारखा. माल सारखा असला की त्याला नाव मिळते, आणि नाव मिळाले की तो न चाखता दूरच्या बाजारात विकता येतो. हापूसचा व्यापार या एका गोष्टीवर उभा आहे.

दूरच्या बाजाराला वाहन हवे. मुंबईने थंड साखळीचा पहिला चमत्कार १८३४ साली पाहिला. अमेरिकेतून जहाजाने बर्फ आला आणि जमशेटजी जिजीभाईंच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले गेले. त्याच्या आदल्या वर्षी बर्फाच्या जहाजातून अमेरिकेची सफरचंदे कोलकात्याला उतरली होती. साहेबांच्या ताटातल्या सफरचंदासाठी अर्ध्या पृथ्वीवरून बर्फ येऊ शकत होता. रत्नागिरीच्या आंब्यासाठी मात्र भाताचा पेंढा होता. आंबे पेंढ्यात घालून अढी लावायची, पेट्या भरायच्या, बैलगाडीने बंदरावर आणायच्या, तिथून आगबोटीने मुंबईला भाऊच्या धक्क्यावर. कधी वाऱ्याने बोट अडली, कधी मे महिन्याच्या शेवटी समुद्र खवळला, कधी वळवाचा पाऊस आला. पेटीत आंबा पिकतच राहायचा. समुद्रावर झालेली नासाडी बोटीच्या कंपनीच्या खात्यावर पडत नसे. मुंबईहून येणाऱ्या पट्टीत ती बागायतदाराच्या नावावर दिसे.

आमच्या बाजूला आगगाडी आली. १८६४ मध्ये बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा मार्ग वसईची खाडी ओलांडून मुंबईला जोडला गेला. वसईची केळी, पाने, भाजी, फुले मुंबईच्या बाजाराच्या टप्प्यात आली. आजही सकाळच्या लोकलच्या मालडब्यात वसई-विरारकडच्या बायका भाजीच्या आणि फुलांच्या पाट्या घेऊन दादरला जाताना दिसतात. भाईंदर पश्चिमेच्या राई, मुर्धा, मोर्वा, उत्तन, डोंगरी या गावांत इमारतींच्या आड अजून शेते आणि वाड्या तग धरून आहेत. ज्या गावाला आपण आज केवळ फ्लॅटचे शहर म्हणतो, ते कालपर्यंत मीठ, मासळी, भात आणि भाजी मुंबईला पुरवणारे गाव होते.

मुंबईत हा माल उतरायला १८६९ मध्ये मोठी मंडई तयार झाली. महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव तिला दिले गेले. विल्यम इमर्सन या वास्तुशिल्पकाराने ती आखली, प्रवेशद्वारावरची शिल्पे जे. जे. कलाशाळेचे लॉकवुड किपलिंग यांच्या आराखड्याची. दारावर दगडात शेतकरी कोरला गेला. आत मात्र त्याचे काही चालत नव्हते. तो गावी असे आणि त्याचा माल दलालाच्या गाळ्यावर. माल विकला गेला की दलालाची दलाली पक्की, मग भाव चढो की पडो.

या मंडईला पुढे महात्मा जोतीराव फुले यांचे नाव दिले गेले. पुण्याच्या मंडईलाही. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. गरिबांच्या शिक्षणाला पैसा नसताना मंडईच्या भव्य इमारतीवर खर्च करण्यास त्यांचा विरोध होता. तरी १८८६ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने ती इमारत उभी राहिली, आणि काही दशकांनी तिलाच जोतीरावांचे नाव लागले. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्याचे नाव दोन मंडयांना मिळाले. त्याने विचारलेले प्रश्न मात्र दाराबाहेर राहिले.

रुमालाखालची बोटे

मंडईत भाव कसा ठरत असे? घेणारा आणि दलाल हातात हात घेत, वर रुमाल टाकत आणि बोटांच्या खुणांनी आकडा ठरवत. शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नसे. ही रीत फार जुनी. सोळाव्या शतकाच्या आरंभी कालिकतला आलेल्या वर्थेमाने कापडाखालच्या बोटांचे असे सौदे वर्णन केले आहेत. सतराव्या शतकात टॅव्हर्नियेने हिऱ्यांच्या बाजारात हेच पाहिले. हिरा नासत नाही, त्यामुळे तिथे गुप्ततेचा फायदा दोघांनाही. आंब्याच्या बाजारात मात्र गुप्त भावाचा फटका एकालाच बसतो. गावच्या बागायतदाराला त्या दिवशीचा खरा भाव कधीच कळत नाही. पट्टीत लिहिलेला आकडा हाच त्याचा भाव.

हा पडदा दूर करण्यासाठी कायदे झाले. त्याची सुरुवात आपल्याच राज्यात, विदर्भात झाली. निजामाचा पण इंग्रजांच्या ताब्यात असलेला वऱ्हाड हा प्रांत. तिथे हैदराबाद रेसिडेन्सीच्या १८८६ च्या आदेशाने कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७ चा वऱ्हाडचा कायदा, १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाची शिफारस, १९३९ चा मुंबई प्रांताचा कायदा आणि अखेर १९६३ चा महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न पणन कायदा असा हा प्रवास आहे. उघड लिलाव, परवानाधारक आडत्या आणि मापाडी, पक्का काटा, लेखी पट्टी आणि वेळेवर पैसे ही त्यामागची कल्पना. शेतकऱ्याला यातून मिळाले नाही असे नाही. पण कायदा कापूस आणि धान्य डोळ्यांसमोर ठेवून वाढला होता. भाव पटला नाही तर कापूस परत नेता येतो. पिकलेला आंबा परत कुठे नेणार? म्हणूनच उघड लिलावाचा नियम कागदावर असताना मुंबईच्या घाऊक आंबा बाजारात रुमाल आपल्या काळातही टिकून राहिला.

इथे आडत्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. बँक ज्याला दारात उभे करत नाही, त्या बागायतदाराला मोहोराच्या दिवसांत फवारणीसाठी उचल आडत्याच देतो. इकडे हातगाडीवाल्याला सकाळी माल उधार देऊन संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पैसे घेणाराही तोच किंवा त्याच्याकडून माल घेणारा व्यापारी. दोन्ही टोकांना त्याचे पैसे अडकतात, कधी बुडतातही. पण उचलीची किंमत असते. उचल घेतलेल्या बागायतदाराला माल त्याच गाळ्यावर पाठवावा लागतो, उधारी असलेल्या फळवाल्याला माल तिथूनच, त्याच भावाने उचलावा लागतो. पेशगी या गोड शब्दाच्या पोटात ही बेडी आहे. सलमच्या व्यवहारात माप, वजन, मुदत आधी ठरवण्याची अट का घातली असेल, ते इथे कळते.

तुर्भ्याचा बाजार आणि मीरा रोडची हातगाडी

मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ मध्ये स्थापन झाली. १९८१ मध्ये कांदा-बटाटा बाजार नवी मुंबईत गेला आणि १९९६ मध्ये क्रॉफर्ड मार्केटचा घाऊक फळबाजार व भायखळ्याचा भाजीबाजारही तिकडे हलला. शहराच्या गर्दीच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण बाजाराचे अंतर कोणासाठी वाढले, याचा विचार कमी झाला. ट्रक घेऊन येणाऱ्याला वाशी-तुर्भे सोयीचे होते. पश्चिम उपनगरातल्या फळवाल्याला ते लांब पडले. लोकलच्या मालडब्यातून टोपली घेऊन येण्याचे दिवस संपले आणि टेम्पोचे भाडे सुरू झाले.

याच वर्षांत मीरा रोड वाढत होते. १९८५ मध्ये मीरा-भाईंदरची नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबई सोडलेल्या अनेक मुस्लिम कुटुंबांनी मुंब्रा आणि मीरा रोडला घर केले. ज्यांचा कारखाना, दुकान किंवा नोकरी मागे राहिली, त्यांतल्या कितीतरी जणांना सुरुवात करायला सर्वात स्वस्त धंदा सापडला तो हातगाडीचा. उत्तर प्रदेश-बिहारमधले कुंजडे-राईन, आपले बागवान आणि ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी फळ विकले नव्हते असेही, सगळे एका ओळीत उभे राहिले.

फळ विकणे सोपे वाटते, ते तसे नाही. कोणता खोका आज विकायचा, कोणता उद्या; देठाशी बोट लावून पपईचा अंदाज घ्यायचा; चिकू कागदाखाली किती तास ठेवायचा; ऊन कोणत्या बाजूने येते ते पाहून गाडी फिरवायची. ही विद्या कोणत्याही महाविद्यालयात मिळत नाही, आणि तिचे प्रमाणपत्रही नसते. एवढे करूनही माल नासतोच. केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेच्या २०१५ च्या अहवालानुसार देशात फळे-भाज्यांची नासाडी पिकानुसार शेकडा साडेचार ते सुमारे सोळापर्यंत होते, आणि सर्वात जास्त पेरूची. हा सरासरीचा आकडा. मे महिन्याच्या दुपारी सिमेंटच्या फुटपाथवर सरासरी कामाला येत नाही.

नासाडी थांबवण्याची साधने आपल्या राज्यात आली नाहीत असे नाही. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग योजना आली आणि महाराष्ट्रात फळबागा झपाट्याने वाढल्या. १९९१ मध्ये द्राक्ष सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स उभी केली. शेताजवळ पूर्वशीतकरण आणि शीतगृह करून द्राक्षे युरोपला पाठवली. २००२ मध्ये लासलगावला विकिरण केंद्र सुरू झाले आणि २००७ मध्ये हापूसला अमेरिकेचे दार उघडले. २०१४ मध्ये फळमाशी आढळल्याने युरोपीय संघाने हापूसवर बंदी घातली. बाष्प आणि उष्णजलाच्या प्रक्रियांची व्यवस्था कडक झाल्यावर पुढच्या वर्षी ती उठली. या सगळ्यातून एक धडा मिळतो. शेतकरी एकत्र आले आणि माल थंड ठेवण्याची सोय त्यांच्या मालकीची झाली, तेव्हा नासाडीही कमी झाली आणि भावही हातात राहिला. पण थंडाव्याची ही साखळी लंडनला, न्यूयॉर्कला, फार तर मॉलला पोचते. मीरा रोडच्या हातगाडीपर्यंत ती आलेली नाही.

ओझे इकडून तिकडे

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. शेतकऱ्याच्या पट्टीतून आडत कापणे चुकीचेच होते, त्यामुळे निर्णयाचे स्वागत झाले. पण खरेदीदार म्हणजे कोण? त्यात मोठी कंपनी आहे, तसा पाच खोके घेणारा हातगाडीवालाही आहे. एका दुबळ्या टोकाचे ओझे उतरले आणि त्यातले काही दुसऱ्या दुबळ्या टोकावर आले. मधला गाळा होता तिथेच राहिला.

रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासनिबंधांनुसार गिऱ्हाईक जो एक रुपया देते, त्यातले केळीच्या शेतकऱ्याला सुमारे ३१ पैसे, द्राक्षाच्या ३५ आणि आंब्याच्या सुमारे ४३ पैसे मिळतात. हे वाचून कोणी म्हणेल, बाकीचे पैसे फळवाल्याने खाल्ले. त्या बाकीच्या पैशांत पेटी, भाडे, हमाली, आडत, व्याज आणि नासलेले फळ आहे. हातगाडीवरचा भाव पाहून आपण घासाघीस करतो, तेव्हा उद्या कचऱ्यात जाणाऱ्या फळाचीही किंमत त्यात धरलेली असते, हे आपल्या लक्षात येत नाही.

आणि २०२०. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. एप्रिलमध्ये मुस्लिम फळविक्रेत्यांबद्दल अफवा आणि चित्रफिती फिरू लागल्या. देशात ठिकठिकाणी नाव विचारून, ओळखपत्र मागून फळ नाकारले गेले. तेव्हा हातगाडीवरचे फळ उन्हाने किंवा उशिराने नासले नाही, संशयाने नासले. त्या नुकसानीचे खाते कोणत्याही अहवालात उघडलेले नाही. ज्या बाजाराची अर्धी भाषा या लोकांच्या पूर्वजांच्या तोंडून आली, त्याच बाजारात त्यांना ओळख विचारली गेली, याचे दुःख आकड्यांपेक्षा मोठे होते.

पण आपल्या अंगणातला कचरा झाकून दुसऱ्याला दोष देणे बरे नव्हे. कार्बाईडने फळ पिकवण्यास कायद्याने बंदी आहे आणि ते आरोग्याला घातक आहे. तरी असे करणारे आहेत, आणि त्यांत आपलेही आहेत. खोक्यात वर चांगला माल आणि खाली डागी माल लावणारेही आहेत. गाळ्यावर बसून आपल्याच भावंडांना उधारीत जखडणारे आहेत. ओल्या धान्याच्या राशीची हकीकत जुम्याच्या खुत्ब्यात ऐकायची आणि शनिवारी खोका तसाच भरायचा, याला काय म्हणावे? संशयाला अफवा पुरते. पण विश्वास पाटीतल्या खालच्या फळापासूनच कमवावा लागतो.

करता येण्याजोगे बरेच आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि नगर पथविक्रेता समिती यांची तरतूद केली. समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले असावेत असे त्यात आहे. आपल्या किती फळवाल्यांना हे माहीत आहे? सुशिक्षित तरुणांनी त्यांचे अर्ज भरून दिले तरी मोठे काम होईल. मशिदीच्या आणि संस्थांच्या बैतुलमालमधून बिनव्याजी भांडवल मिळाले, तर पेशगीची बेडी सैल होईल. वीस-पंचवीस फळवाल्यांनी मिळून सहकारी तत्त्वावर एक लहान शीतखोली चालवणे आणि एकत्र माल घेणे अशक्य नाही. द्राक्षवाल्यांनी तेच मोठ्या प्रमाणावर केले. त्या संस्थेने वसई-पालघरच्या शेतकऱ्याकडून थेट माल घेतला, तर बागवान आणि शेतकरी यांचा जुना शेजार पुन्हा जुळेल. आणि उरलेल्या फळांचे मुरंबे, सुकेळी, पोळ्या करणारे हात आपल्या घरांत आहेतच.

दुसऱ्या दिवशी मी ते उदाहरण वर्गात पुन्हा घेतले. या वेळी त्या मुलाला फळ्याजवळ बोलावले. त्याने लिहिले : २० आंबे नासले, १० डागी निघाले ते सात-सात रुपयांना गेले, राहिलेले १७० चौदा रुपयांना. एकूण २,४५० रुपये. नफा ४५०, म्हणजे शेकडा साडेबावीस. मग त्याने खडू खाली ठेवला नाही. खाली आणखी एक ओळ लिहिली, "टेम्पो, हमाली", आणि माझ्याकडे वळून विचारले, "टीचर, ये भी लिखना है ना?"

मी म्हटले, लिही. सगळे लिही.